स्टार पाहून जेवायला जाताना

परगावी गेल्यावर जेवायचे कुठे, हा प्रश्न आपल्या घरांत वर्षानुवर्षे मशिदीच्या दारात सुटत आला. जोहरची नमाज झाली, चपला पायात सरकवल्या की शेजारच्या माणसाला सलाम करायचा आणि विचारायचे, "भाई, इथे जेवायची चांगली सोय कुठे आहे?" तो हॉटेलचे नाव सांगे, वाट दाखवी, कधी स्वतः चार पावले बरोबर येई. "त्यांचं मटण आमच्याच गल्लीतून जातं," एवढे एक वाक्य तो सहज बोले आणि मनातली शंका तिथेच मिटे. बायका-मुले बरोबर असतील तर "वर फॅमिली रूम आहे, भाभींना त्रास होणार नाही," हेही तो न विचारता सांगे.

आता गाडी गावाच्या वेशीवर आली की मागच्या सीटवरचा मुलगा फोन काढतो. "अब्बा, हे बघा, चार पॉइंट तीन. सहाशे रिव्ह्यू आहेत. आणि हे दुसरं, तीन पॉइंट आठ." तीन पॉइंट आठ तिथेच बाद. त्या हॉटेलच्या दारावरून गाडी पुढे निघून जाते. "अरे, गर्दी तर इथेच दिसतेय," असे अम्मीने म्हटले तरी ऐकतो कोण?

या सवयीत आम्हाला वाईट काही दिसत नाही. अनोळखी गावात एका माणसाऐवजी सहाशे जणांना विचारता आले तर बरेच की. पण मशिदीच्या दारातला माणूस आपण डोळ्यांनी पाहत होतो, त्याचे बोलणे कानांनी ऐकत होतो. सहाशे जणांचे बोलणे आपण ऐकत नाही, त्यांची सरासरी तेवढी पाहतो. आणि त्या सरासरीतल्या एका दशांशावर कुणाच्या तरी घरची चूल अवलंबून असते.

सवाल जुनाच

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हॉटेलांविषयी ग्राहकांनी इंटरनेटवर लिहायचे आणि इतरांनी ते वाचून जेवायला जायचे, ही पद्धत ज्या अगदी सुरुवातीच्या संकेतस्थळांनी रुजवली, त्यांत एक खास हलाल खाण्यासाठी काढलेले होते. शाहेद अमानुल्लाह यांनी अमेरिकेत १९९८ साली 'झबीहा डॉट कॉम' सुरू केले. ज्या देशात मुसलमान थोडे आणि विखुरलेले, तिथे परक्या शहरात उतरल्यावर हलाल जेवण कुठे मिळेल हे विचारायला मशिदीचे दारही जवळ नसते. मग एकाने खाल्लेले दुसऱ्याला कळावे म्हणून ही सोय झाली. 'येल्प' हे अमेरिकेतले प्रसिद्ध संकेतस्थळ त्यानंतर सहा वर्षांनी, २००४ मध्ये आले. आपल्याकडचे 'झोमॅटो' २००८ मध्ये 'फूडीबे' या नावाने सुरू झाले, ते आधी हॉटेलांची मेनूकार्डे लोकांना दाखवण्यासाठी. ऑर्डर घरपोच आणून देण्याचा धंदा फार नंतरचा. कोकणातल्या ज्या घरांची मुले इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांना झबीहाचे नाव परिचयाचे असेल.

म्हणजे आपण नवीन काही करतो आहोत असे नाही. सवाल जुनाच आहे. जवाब देणारा मात्र दिसेनासा झाला.

एका स्टारची किंमत

हे स्टार खरोखर गिऱ्हाईक आणतात का? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी २०११ मध्ये याचा हिशेब मांडला. अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांची २००३ ते २००९ या काळातली कमाई त्यांनी सरकारी करखात्याच्या नोंदींतून घेतली आणि ती येल्पवरच्या स्टारशी ताडून पाहिली. एक स्टार वाढला की हॉटेलचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. ज्याचा नफाच मुळात थोडा, अशा धंद्यात ५ टक्के म्हणजे एका पोऱ्याचा पगार, नाहीतर मुलीच्या कॉलेजची फी.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या हॉटेलांवर होतो. गावोगावी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांवर तो दिसला नाही. कारण उघड आहे. मोठ्या कंपनीचा बर्गर कसा लागतो हे सर्वांना आधीच माहीत असते, त्यासाठी स्टार कोण पाहतो? भेंडी बाजारात नूर मोहम्मदीची नल्ली निहारी खायला निघालेला माणूसही फोन पाहून निघत नाही. स्टार पाहिले जातात ते अनोळखी दारासाठी. म्हणून ते तारतात तेही लहान माणसाला आणि बुडवतात तेही त्यालाच. येल्पचा वापर जिथे वाढला तिथे साखळी हॉटेलांचा बाजारातला वाटा घटला, हेही लुका यांनी नोंदवले आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला जाहिरातीचा पैसा नसताना गिऱ्हाईक मिळवून देणारी ही सोय आहे, हे विसरता येत नाही.

बर्कली विद्यापीठाच्या मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी २०१२ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. येल्प तेव्हा सरासरी अर्ध्या स्टारपर्यंत दाखवत असे. ३.२४ सरासरी असलेल्या हॉटेलला ३ स्टार दिसत आणि ३.२६ वाल्याला साडेतीन. आता ३.२४ आणि ३.२६ यांच्या स्वयंपाकात फरक तो काय असणार? मसाला तोच, आच्यार तसाच. तरीही पडद्यावर ज्याला अर्धा स्टार जास्त दिसत होता, त्याची संध्याकाळची टेबले पूर्ण भरण्याचे प्रमाण सॅन फ्रान्सिस्कोत १९ टक्के अंशांनी जास्त निघाले. चवीत काही फरक नसताना, केवळ आकडा कुठल्या बाजूला पडला यावर.

आता हे आपल्या गल्लीत आणून पाहू. आमच्या ओळखीच्या एक भाभी आहेत. शौहरचे काम सुटल्यावर त्यांनी घरातूनच बिर्याणी आणि खिचडा ऑर्डरप्रमाणे करून द्यायला सुरुवात केली. पुढे अ‍ॅपवर नाव घातले. पहिल्या काही महिन्यांत बारा जणांनी रिव्ह्यू दिले, नऊ जणांनी पाच स्टार आणि तिघांनी चार. सरासरी झाली ४.७५. मग एका पावसाळी रात्री डिलिव्हरीचा मुलगा पाण्यात अडकला, बिर्याणी तासभर उशिरा आणि गार पोहोचली. गिऱ्हाइकाने एक स्टार दिला आणि लिहिले, "खूप लेट". बिर्याणीविषयी एक अक्षर नाही.

साधी सरासरी धरली तर तेरा रिव्ह्यूंची बेरीज ५८ झाली आणि रेटिंग ४.४६ वर आले. पुन्हा ४.७५ गाठायला त्यांना आणखी पंधरा जणांकडून पुरे पाच स्टार हवेत. पंधरा! त्यात एकाने जरी चार दिले तरी ते पुरत नाहीत. याउलट दोन हजार रिव्ह्यू आणि ४.२ रेटिंग असलेल्या मोठ्या हॉटेलला तोच एक स्टार मिळाला असता तर सरासरी ४.१९८ झाली असती, म्हणजे दिसायला ४.२ च. रागाने दाबलेले एकच बटण एका ठिकाणी भिंतीवर आपटलेला चेंडू, तर दुसऱ्या ठिकाणी काचेवर आलेला दगड.

भाभी त्या रात्री काय म्हणाल्या, तर "पाऊस मी पाडला का?"

त्यांच्या त्रासाला एक पुरावाही आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुमारे ११ लाख रिव्ह्यू तपासले. पाऊस किंवा बर्फ पडत असताना लिहिलेले रिव्ह्यू इतर दिवसांपेक्षा कमी स्टारांचे निघाले. माणूस भिजलेला असला की रस्साही पातळ लागतो, दुसरे काय.

खोट्याचा बाजार

एवढी किंमत असेल तर खोटे स्टार विकले जाणारच. लुका यांनी जॉर्जिओस झेर्व्हास यांच्याबरोबर बॉस्टन शहरातल्या हॉटेलांचे तीन लाखांहून अधिक रिव्ह्यू पाहिले. त्यांपैकी सुमारे १६ टक्के येल्पच्याच गाळणीने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. खोटेपणाकडे कोण वळतो, हेही त्यांनी शोधले. ज्यांचे रिव्ह्यू थोडे आहेत किंवा ज्यांना नुकतेच वाईट रिव्ह्यू आले आहेत, ते स्वतःची खोटी स्तुती लिहवून घेतात. आणि शेजारी त्याच प्रकारचे हॉटेल असले, चढाओढ वाढली, की दुसऱ्याविषयी खोटे वाईट लिहिण्याचे प्रमाण वाढते. मग भाभींसारख्या बाईला कुणी येऊन म्हणाले, "इतके रुपये द्या, पन्नास स्टार टाकून देतो," तर मोह कसा होतो हे कळते. त्यांनी घेतले नाहीत. पण सगळेच नकार देतात असे नाही.

या खोट्याची हद्द कुठपर्यंत जाऊ शकते, हे लंडनमधल्या ऊबा बटलर या पत्रकाराने २०१७ मध्ये दाखवून दिले. पूर्वी त्याने पैसे घेऊन हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहिले होते. दक्षिण लंडनच्या डलिच भागात एका बागेतल्या शेडमध्ये तो राहत असे. ती शेडच त्याने 'ट्रिपअ‍ॅडव्हायझर'वर हॉटेल म्हणून नोंदवली. पत्ता नीट दिला नाही, वेळ ठरवूनच या असे लिहिले. पदार्थांचे फोटो टाकले ते दाढीचा फेस आणि रंग वापरून बनवलेले, एका फोटोत तर स्वतःची टाच. मित्रांकडून एकेक करून स्तुती लिहवली. सुरुवातीला ही शेड लंडनच्या यादीत अठरा हजारांच्या मागे होती. हळूहळू फोन वाजू लागला. हा प्रत्येकाला सांगे, "जागा नाही." जागा नाही म्हटल्यावर लोकांची ओढ आणखी वाढली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते हॉटेल, जिथे एका माणसालाही कधी वाढले गेले नव्हते, लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले.

मग एका रात्रीपुरते त्याने ते खरेच उघडले. बाजारात मिळणारे स्वस्त तयार जेवण गरम करून पाहुण्यांना वाढले. त्यांतल्या काहींनी जाताना विचारले, पुन्हा येता येईल का? आम्हाला या गोष्टीत सर्वांत जास्त विचारात पाडते ते हे शेवटचे. लोक नुसते फसून आले नाहीत, आल्यावर त्यांना ते जेवण आवडलेही. पहिल्या क्रमांकाचे म्हणून खाल्ले, की जीभही तसेच सांगू लागते.

आपल्याकडचा प्रकार एवढा नाटकी नसतो. टेबलावर एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि खाली लिहिलेले असते, "पाच स्टार द्या, फिरनी मोफत." मुले पटकन स्कॅन करतात, फिरनी येते, सगळे हसतात. जेवण खरेच आवडले असेल तर यात बिघडले काय, असे आमच्याही घरात विचारले गेले. आमचे म्हणणे असे की रिव्ह्यू ही गवाही आहे. पुढचा माणूस तिच्या भरवशावर बायका-मुलांना घेऊन तिथे येणार आहे. गवाहीच्या बदल्यात फिरनी घेतली की ती किती खरी, हे आपल्यालाही सांगता येत नाही. शिवाय मोबदला देऊन रिव्ह्यू घेणे गुगलच्या नियमांतही बसत नाही. फिरनी आवडत असेल तर मागवावी आणि पैसे द्यावेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहू नयेत, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'आयएस १९०००' हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचे मानक आणले. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असे ते सांगते. पण आणताना ते ऐच्छिक ठेवले गेले. अमेरिकेने २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर दंडाची तरतूद असलेला नियम केला. आपल्याकडे तेवढी धार अजून आलेली नाही.

न खाल्लेल्यांचे स्टार

खोट्या स्तुतीपेक्षा आपल्या लोकांना जास्त जाचणारी एक गोष्ट आहे. ज्यांनी कधी त्या दारात पाऊल टाकले नाही, त्यांनी दिलेला एक स्टार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, हमरस्त्याला लागून, आमच्या परिचयाचे एक चाचा हॉटेल चालवतात. गिऱ्हाईक सर्व समाजांचे. एकदा गावात कशावरून तरी तणाव झाला. हॉटेलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्या नावाखाली एक स्टारची रांग लागली. बरेचसे रिव्ह्यू नुसते स्टार, शब्द नाही. काहींत चार शिव्या. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या गावात याआधी कशाविषयीच लिहिलेले नव्हते.

चाचांनी आम्हाला सांगितलेली गोष्ट सिएटलच्या अभ्यासाशी तंतोतंत जुळते. गावातले गिऱ्हाईक कमी झाले नाही. मारुतीच्या देवळासमोरचे पानवाले, बँकेतले साहेब, एसटीचे ड्रायव्हर, सगळे पूर्वीसारखेच येत राहिले, कारण त्यांना चव ठाऊक होती. कमी झाले ते रस्त्याने जाणारे, फोन पाहून थांबणारे. म्हणजे ज्यांच्यासाठी स्टार असतात तेच.

असे देशात मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांच्या एका वक्तव्यावरून लोक चिडले आणि ते ज्या स्नॅपडीलची जाहिरात करत, त्या अ‍ॅपला एक स्टार देत सुटले. पुढे २०१७ मध्ये स्नॅपचॅट या भलत्याच कंपनीवर राग आला, तेव्हाही नाव सारखे वाटले म्हणून कित्येकांनी स्नॅपडीललाच पुन्हा एक स्टार दिला. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरीचा मुलगा मुसलमान आहे म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली. कंपनीने त्याला जुमानले नाही आणि अन्नाला धर्म नसतो अशा आशयाचे जाहीर उत्तर दिले. त्यावर पुष्कळांनी कौतुक केले आणि पुष्कळांनी अ‍ॅपला एक स्टार दिला. पाठिंबा देणाऱ्या उबर ईट्सचीही तीच गत झाली. कंपन्या मोठ्या होत्या, त्यांनी ते पचवले. चाचांच्या हॉटेलला पचवायला वर्ष लागले.

त्यांनी काय केले, ते इतर हॉटेलवाल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. त्यांच्या मुलीने एकेका रिव्ह्यूची गुगलकडे तक्रार केली. शिव्या असलेले काढले गेले, नुसते स्टार असलेले बरेचसे राहिले. मग तिने प्रत्येकाखाली दोन ओळींचे उत्तर लिहिले, न चिडता. आपण कोणत्या दिवशी आला होता ते कळवा, आमचे काही चुकले असेल तर दुरुस्त करू. एकाचेही उत्तर आले नाही, पण पुढे वाचणाऱ्याला काय ते समजले. आणि रोजच्या गिऱ्हाइकांना चाचांनी संकोच सोडून सांगितले की जे खाल्ले तेच लिहा, चार स्टारचे असेल तर चार द्या. पानवाल्यांनी तीन दिले. चहा गोड असतो, अशी त्यांची जुनी तक्रार आहे.

हे वाचताना आपल्या मुलांनाही विचारून पाहावे. दुसऱ्या कुठल्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या हॉटेलला, केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला म्हणून एक स्टार दिला आहे का? आम्ही विचारले तेव्हा दोन घरांत "हो" आले.

हलाल आहे का?

आपल्या घरांतला पहिला प्रश्न हाच आणि स्टार त्याला उत्तर देत नाहीत. साडेचार स्टार असलेल्या हॉटेलातले मटण हलाल असेल किंवा नसेलही. म्हणून आपण रिव्ह्यूंमध्ये 'हलाल' शब्द शोधतो. तो सापडतोही. पण लिहिणाऱ्याने कशावरून लिहिले, हे पाहायला हवे. पाटीवर मुस्लिम नाव दिसले म्हणून कुणी लिहितो. वेटरला विचारले, त्याने मान हलवली म्हणून कुणी लिहितो. मालकाशी बोलून, मटण कुठून येते ते ऐकून लिहिणारे फार थोडे. या तिन्ही 'हलाल'ना आपण एकच वजन देतो.

अन्नसुरक्षेचा परवाना म्हणजे हलालची खात्री, असाही एक गैरसमज आहे. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हॉटेलात लावलेला हवा आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही हवा. तो जरूर पाहावा, कारण तो नसेल तर तक्रार करायची सोयच राहत नाही. पण त्याचा हलालशी संबंध नाही. आपल्या देशात हलालचे प्रमाणपत्र सरकारी खाते देत नाही, ते देणाऱ्या संस्था खासगी आहेत. आणि लहान हॉटेलांकडे ते बहुधा नसते. तिथे मालकाचा शब्द चालतो.

म्हणून फोन करावा. रिव्ह्यूच्याच पानावर हॉटेलचा नंबर असतो. मटण-चिकन कुणाकडून घेता, स्वयंपाकघर एकच आहे की वेगळे, हॉटेलात दारू दिली जाते का, एवढे तीन प्रश्न पुरतात. प्रामाणिक मालक चिडत नाही. फक्त जेवणाच्या ऐन वेळी करू नये, दुपारी चारच्या सुमारास केला तर तो नीट बोलतो. आणि जे कळले ते रिव्ह्यूत लिहावे, कशावरून कळले त्यासह. "मालकांना विचारले, स्थानिक मुस्लिम दुकानातून मटण येते असे म्हणाले," हे वाक्य पुढच्या कुटुंबाला पन्नास स्टारांपेक्षा उपयोगाचे आहे.

वाचण्याच्या बाबतीत आमचा अनुभव असा की सर्वांत नवे रिव्ह्यू आधी लावून पाहावेत. बावर्ची बदलला की हॉटेल बदलते, पण त्याच्या काळातले स्टार तसेच राहतात. पाच आणि एक स्टारवाले थोडे बाजूला ठेवून तीन स्टारवाले वाचावेत. फार खूश झालेला आणि फार चिडलेला माणूसच सहसा लिहायला बसतो. तीन देणाऱ्याने मात्र काहीतरी विचार केलेला असतो. मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा गिऱ्हाइकांनी काढलेले पाहावेत, त्यांत कधी मागे धुतलेली नसलेली टेबलेही दिसतात. रमजानमध्ये तर हे फारच लागते. एका रीलवर एक गाडी गाजते, तिथे अर्धा तास रांग लागते आणि शेजारी तोच मालपुवा तळणारा रिकामा उभा असतो.

भाभींना कुणी विचारले?

रिव्ह्यू वाचत गेलो की एक गोष्ट जाणवते. कबाब किती नरम, ग्रेव्ही किती झणझणीत, बिल किती झाले, यावर ढीगभर मजकूर असतो. पण बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, त्याला आतून कडी लागते का, तान्ह्याला पाजायला आडोसा आहे का, फॅमिली रूम खरेच वेगळी आहे की नुसता पडदा, वजूला पाणी मिळेल का, व्हीलचेअरवरच्या दादीजानला चार पायऱ्या चढाव्या लागतील का, यावर ओळ सापडत नाही. कारण लिहिणारे बहुतेक तरुण मुलगे. त्यांना हे प्रश्न पडत नाहीत आणि ज्यांना पडतात त्या घरी येऊन भांडी लावतात.

आम्ही आमच्या ओळखीच्या काही भगिनींना लिहायला सांगितले. एकीने पहिलाच रिव्ह्यू मोबाइलवर बोलून लिहिला, तो असा होता: "आम्ही सात जण गेलो, दोन लहान मुले. जेवण चांगले, रोटी गार. फॅमिली रूम वर आहे, जिना अरुंद आहे. बायकांचे बाथरूम साफ होते पण कडी तुटलेली, माझी नणंद बाहेर उभी राहिली. चार स्टार."

ते हॉटेल चाचांचेच होते. मुलीने त्यांना रिव्ह्यू मोठ्याने वाचून दाखवला. चाचा म्हणाले, "रोटी गार होती?" मुलगी म्हणाली, "अब्बा, कडी." दुसऱ्या दिवशी सुतार आला.